सरवा

धान कापून, भारे बांधून खळ्यावर नेले, की बांधीत जी लोंबं पडून राहतात त्यांना आमच्या झाडीत सरवा म्हणतात. धान मालकाचं, मजुरी कापणाऱ्याची आणि सरवा म्हाताऱ्यांचा अन् पोरांचा. असा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडलेला मी लहानपणी पाहिला नाही. कितीही चिकट मालक असला तरी सरवा वेचणाऱ्या बुढीला धुऱ्यावरून हाकलत नसे. हाकललं तर त्यालाच गावात तोंड दाखवायची पंचाईत.

माझी आजी कार्तिक-मार्गशीर्षात रोज सकाळी टोपली घेऊन निघायची. कंबर वाकलेली. कोणी टोकलं तर म्हणायची, "सरवा येचाले वाकाच लागते बावा, मी त आधीचीच वाकली आहो." संध्याकाळी पायली-दोन पायली धान घरी यायचं. ते ती वेगळ्या मडक्यात ठेवायची आणि त्या मडक्याला माझी आईसुद्धा तिला विचारल्याशिवाय हात लावत नसे. बाजाराच्या दिवशी त्यातलंच मूठ-पसा धान देऊन ती आम्हा पोरांसाठी मुरमुरे घ्यायची. आजी बसून खाते, असं आम्हाला कधी वाटलं नाही. आजी आणते, असंच वाटायचं.

एकट्या सरव्याचंच असं नव्हतं. चैत लागला की मोह पडायचा. मोहाचं फूल आपणहून खाली येतं, त्यासाठी झाडावर चढावं लागत नाही, म्हणून तो पोराबुढ्यांचा. तेंदूच्या हंगामात तरणीताठी माणसं पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणायची आणि दुपारी सावलीत बसून पुडके बांधायचं काम म्हाताऱ्यांचं. सत्तर पानांचा एक पुडका. आजीनं शाळा पाहिली नव्हती, पण सत्तर मोजताना ती कधी चुकली नाही. झाडू बांधणं, चटई विणणं, बकऱ्या राखणं, नातवंडं सांभाळणं ही कामंही होतीच. दर वयाला काम होतं आणि त्या कामातून थोडं का होईना हाती यायचं. गरिबी होती, पोटभर होती. पण म्हातारपणाची अशी वेगळी गरिबी नव्हती. घर गरीब तर म्हातारा गरीब, घर खातंपितं तर म्हातारा खातापिता. गावातल्या दोन म्हाताऱ्यांत फरक असायचा तो त्यांच्या बांध्यांचा आणि पोरांचा.

आज तसं राहिलं नाही. ते कसं बदललं हे मला आमच्याच घरातून दिसलं, म्हणून घरचीच गोष्ट सांगतो.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. पलीकडे वडसा, आरमोरी. माझ्या तरुणपणी दोन्ही काठ एकाच चांदा जिल्ह्यात होते. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नदी ही हद्द झाली. या घरात आम्ही चार भाऊ वाढलो. मी आणि माझा थोरला दादा सख्खे. तिसरा मावसभाऊ, त्याच्या गावी शाळा नव्हती म्हणून आमच्याकडे राहिलेला. चौथा मामेभाऊ, आई-बाप लहानपणीच गेलेला. वयात फार तर तीन-चार वर्षांचं अंतर. एका गंजातली आंबील चौघांनी प्यायची, एका घोंगडीत चौघांनी झोपायचं. दिवाळीनंतर मंडईचं नाटक असलं की एकाच बारदान्यावर बसून चौघांनी रात्र जागवायची.

बाप लवकर गेला. दादानं चौथीतून शाळा सोडून नांगर धरला. मी मॅट्रिक झालो, मग डीएडला नंबर लागला. त्या दोन वर्षांचा खर्च दादानं एक गोऱ्हा विकून केला. १९८० साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि धानोरा तालुक्यात गेलो. मावसभाऊ राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत लागला. मामेभाऊ बल्लारपूरच्या बाजूला एका कारखान्यात कामाला गेला, पण कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, कंत्राटदाराच्या वहीत.

पुढची वीसेक वर्षं चौघांत फरक होता, पण तो डोळ्यात खुपत नव्हता. मास्तरचा पगार तेव्हा असा किती असायचा? धान चांगलं पिकलं त्या वर्षी दादाच माझ्याकडे तांदळाचं पोतं घेऊन यायचा. मामेभावाला ओव्हरटाइम मिळाला की तो माझ्यापेक्षा जास्त रोकड घेऊन पोळ्याला घरी यायचा. हातपाय चालत होते तोवर कोणी कोणापुढं झुकावं असं काही नव्हतं. खरा फरक पडला तो हातपाय थांबल्यावर.

आता चौघेही पासष्टीच्या पुढे आहोत. महिन्याला कोणाच्या हातात काय येतं ते मांडतो.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. चाळीस हजारांच्या आसपास पेन्शन मिळते. महागाई भत्ता वाढला की ती आपोआप वाढते, त्यासाठी मला बोटही हलवावं लागत नाही. उद्या मी गेलो तर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल.

मावसभावाला कोळसा खाण कामगारांच्या १९९८ च्या योजनेतली पेन्शन आहे. ती माझ्यासारखी नाही, महागाईबरोबर वाढत नाही. पण सुटताना पीएफ आणि ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम हाती आली. त्यानं शहरात घर बांधलं, दोन खोल्या भाड्यानं दिल्या. त्याचं बरं चाललं आहे.

मामेभावानं वीस-बावीस वर्षं भट्टीजवळ घाम गाळला. त्यात कंत्राटदार बदलत गेले. काही वर्षं पीएफ कापला गेला, काही वर्षं नाही. त्याला ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार रुपये आहे. त्याला त्याहून थोडी वर मिळते, तेवढीच.

आणि दादा. दोन एकर धानाची जमीन, त्यावर पीएम-किसान आणि राज्याची नमो योजना मिळून वर्षाला १२ हजार. आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५००. माझी एका महिन्याची पेन्शन म्हणजे दादाचं सव्वादोन वर्षांचं श्रावणबाळ.

चौघांत जास्त काम कोणी केलं, असं गावात कोणालाही विचारा. उत्तर एकच येईल. दादा आजही रोवण्याच्या दिवसांत चिखलात उतरतो.

श्रावणबाळचे ते दीड हजार मिळवणंही सोपं नाही. वय पासष्ट पूर्ण पाहिजे आणि वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला पाहिजे. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. ज्याला एवढ्यात जगता येतं त्याला सरकार आणखी दीड हजार देतं, असा त्याचा अर्थ. आधी हे सहाशे होते, मग हजार झाले, २०२३ पासून दीड हजार. केंद्र सरकारनं देशातली वृद्धांची पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला ७५ रुपयांपासून सुरू केली. २००६ मध्ये केंद्राचा वाटा २०० रुपये झाला आणि साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी तो आजही २०० च आहे. २००६ मध्ये दोनशे रुपयांत काय यायचं आणि आज काय येतं, हे किराणा दुकानात उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

वैनीची गोष्ट तर आणखी गमतीची. आधार कार्ड काढताना तिचं वय चार वर्षांनी कमी लागलं. गावात ती म्हातारी, कागदावर नाही. म्हणून श्रावणबाळ नाही. पण जुलै २०२४ ला लाडकी बहीण योजना आली, तिची मर्यादा एकवीस ते पासष्ट वर्षं, त्यात ती बसली. ती म्हणते, "भाऊजी, कागदानं मले तरनी ठेवली म्हनून पैसे भेटून रायले." हसण्यासारखं आहे खरं. पण पुढचा हिशोब पाहा. लाडक्या बहिणीसाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तीच बाई पासष्टी ओलांडून म्हातारी झाली की तेवढेच दीड हजार घ्यायला तिला २१ हजारांचा दाखला आणावा लागतो. ज्या वयात हात थकतात त्याच वयात अट कडक होते.

पैसे मंजूर झाले तरी ते बँकेतून काढावे लागतात. दादा तालुक्याच्या गावातल्या बँकेत जातो. एसटीत अर्धं तिकीट आहे, पण दिवस पूर्ण जातो. तिथं यंत्रावर अंगठा ठेवायचा. पन्नास वर्षं पऱ्हे उपटून, विळा धरून, दोऱ्या वळून त्याच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. यंत्र लाल दिवा दाखवतं. पुन्हा ठेवा. पुन्हा लाल. बोट पुसा, दुसरं बोट ठेवा, उद्या या. एकदा तिसऱ्या खेपेला पैसे मिळाले तेव्हा तो मला म्हणाला, "रेघा बांधीत रायल्या गा, आता अठी कोठून आनू?" मला मात्र नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरी खाटेवर बसून मोबाइलमध्ये चेहरा दाखवून देता येतो. माझे हात खडूनं पांढरे झाले, पण झिजले नाहीत.

जुने आधार होते तेही एकेक करून सुटत गेले. आता धान कापायला हार्वेस्टर येतो. तो कापतो, मळतो, तणस मागं टाकतो आणि पुढच्या बांधीत जातो. खाली पडतात ते सुटे दाणे, चिखलात रुतलेले. लोंब राहत नाही, म्हणून सरवाही राहिला नाही. मालक वाईट झाला असं नाही. मजूर मिळत नाहीत, तोही काय करणार? पण ज्या बुढीचा महिनाभराचा तांदूळ त्या शेतात पडलेला असायचा, तिला कोणी विचारलं नाही.

जंगलाचंही तसंच. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या सगळ्या पट्ट्यात वाघाची धास्ती आहे. मोह वेचताना, तेंदू तोडताना माणसं गेली आहेत. पहाटेच्या अंधारात एकटी बुढी मोहाखाली वाकलेली, हे चित्र आता घरचे होऊ देत नाहीत. आणि ते बरोबरच करतात. पुडके बांधायला म्हातारे बसायला तयार आहेत, पण पानं आणून द्यायला घरात तरणं माणूस लागतं. ते घरात असतंच कुठं? दादाचा मुलगा आणि सून संक्रांतीच्या सुमाराला मिरची तोडायला तेलंगणात जातात. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत गावंच्या गावं जातात. तीन महिने दादा आणि वैनी दोन नातवंडं, एक गाय आणि कुलूप नसलेलं घर सांभाळतात. हे काम आहे की नाही? सुनेला तिकडं तोडलेल्या मिरचीचे किलोवर पैसे मिळतात. ती तिकडं जाऊ शकते, कारण इकडं सासू पोरांना भात शिजवून घालते. त्या भाताचा हिशोब कोणत्याच वहीत नाही.

मी हे सगळं पाहतो तेव्हा एक गोष्ट मला वारंवार दिसते. माझ्या घरात म्हातारा म्हणजे कमावता माणूस. दादाच्या घरात म्हातारा म्हणजे खाणारं तोंड. वय तेच, पांढरे केस तेच, एका आईच्या पोटचे. मी जितकी वर्षं जगेन तितकं माझं घर वर जाणार. दादा जितकी वर्षं जगेल तितकं त्याच्या पोराचं घर औषधपाण्यानं खाली येणार. कोणी बोलून दाखवत नाही, पण एका घरात बुढ्याच्या दीर्घायुष्याला नवस बोलतात आणि दुसऱ्या घरात नुसते गप्प राहतात. गप्प राहतात म्हणून त्यांची माया कमी, असं समजू नका. दादाचा मुलगा माझ्या मुलापेक्षा बापाची जास्त सेवा करतो.

ही आमच्याच गावची तऱ्हा असेल असं मला वाटायचं. मग वाचनात आलं की अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली अमेरिका, ब्रिटन आणि तैवान या तीन देशांची आकडेवारी तपासून हेच मांडलं होतं. एकाच काळात जन्मलेली माणसं घ्या. तरुणपणी त्यांच्यात फरक थोडा असतो, वय वाढतं तसा तो वाढत जातो. चांगली-वाईट नोकरी, आजारपण, नशीब, साठवलेला पैसा, सगळ्याची बेरीज होत जाते. म्हणजे ज्या देशात म्हातारी माणसं वाढतील, तिथं बाकी काही बदललं नाही तरी माणसामाणसांतलं अंतर वाढू शकतं. डीटन यांना पुढे २०१५ मध्ये नोबेल मिळालं. आम्ही चार भाऊ त्यांच्या कोष्टकात नव्हतो, पण बसलो असतो बरोबर.

आणि म्हातारी माणसं वाढताहेतच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक शंभरात साडेआठाच्या वर होते, महाराष्ट्रात जवळजवळ दहा. २०३६ पर्यंत देशात ते पंधराच्या आसपास जातील असा सरकारी अंदाज आहे. ही काही वाईट बातमी नाही. माझ्या लहानपणी झाडीत दर घरात एखादं बाळ मातीआड गेलेलं असे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, तिथले बालमृत्यू किती घटले हे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. बाळं जगू लागली तशी माणसं दोनावर थांबू लागली. आजीला आठ नातवंडं होती, दादाला दोन. माणूस जास्त जगतो आणि त्याला सांभाळणारे हात कमी आहेत, अशी ही वेळ आहे. २०२३ च्या ‘इंडिया एजिंग रिपोर्ट’मध्ये म्हटलं आहे की देशातले चाळीस टक्क्यांहून जास्त वृद्ध संपत्तीच्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यात आहेत. तरणेपणी माणूस त्या हिश्श्यातून मेहनतीनं वर येऊ शकतो. म्हातारपणी कशानं येणार?

कष्टाची आणि अकलेची कमाई म्हातारपणापर्यंत पोहोचतेच असं नाही, याचं आमच्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण दादाजी खोब्रागडे यांचं. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, आमच्यापासून फार लांब नाही. शाळा तिसरी-चौथीपर्यंत. धानात निराळी दिसलेली लोंबं निवडून, वर्षानुवर्षं पेरून त्यांनी नवा वाण तयार केला. तेव्हा घड्याळ एचएमटीचं नावाजलेलं होतं, म्हणून धानाचं नावही एचएमटी पडलं. तो तांदूळ देशभर गेला. त्यावर व्यापारी मोठे झाले, गिरण्या चालल्या, मी स्वतः आयुष्यभर तोच भात खाल्ला. पुढं त्यांनी आणखीही वाण काढले, त्यांना पुरस्कार मिळाले, फोर्ब्सनं २०१० मध्ये त्यांचं नाव घेतलं. पण शेवटची वर्षं हलाखीत आणि आजारपणात गेली. ३ जून २०१८ ला ते गेले. लोंबं निवडणाऱ्या त्या हातांना दर महिन्याला काही मिळत राहील अशी सोय कुठंच नव्हती.

हा फरक म्हाताऱ्यांबरोबर स्मशानात जात नाही. तो नातवंडांत उतरतो. माझ्या पगारावर मुलगा इंजिनिअर झाला, पुण्याला आहे. माझ्या पेन्शनमधला मोठा वाटा आता नातवाच्या शाळेत जातो, कारण मला तेवढे लागत नाहीत. दादाचा थोरला नातू दहावी झाला आणि यंदा बापाबरोबर मिरचीला गेला. पोरगा हुशार आहे, गणितात माझ्या नातवाला ऐकणार नाही. मी दादाला म्हणालो, याच्या अकरावीचं मी पाहतो. दादा काही बोलला नाही. नंतर वैनीनं सांगितलं, तो म्हणाला, "आपन गोऱ्हा विकला तो वापस भेटावा म्हनून नोयता विकला."

मला सगळ्यात जास्त काय टोचतं ते सांगतो. गावात मला सगळे गुर्जी म्हणतात, पण दादानं मला जन्मभर ‘अरे’ केलं. तो थोरला आहे, त्याचा तो हक्क. तीनेक वर्षांपूर्वी मी घराला स्लॅब घातला, वर खोली चढवली. त्यानंतर कधीतरी, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, दादा माझ्याशी बोलताना ‘तुमी’ म्हणू लागला. आधी चार लोकांत, मग घरातही. "तुमी बसा जी खुर्चीवर, मले खालीच बरं वाटते." मी रागावलो, हात धरून ओढला, तर नुसता हसला. धाकट्या भावाला ‘जी’ लावणारा थोरला भाऊ पाहिला की उत्पन्नातली दरी मोजायला आकडे लागत नाहीत.

मग उपाय काय? मी काही मोठा माणूस नाही, पण नोकरीत एक गोष्ट पाहिली आहे. माझी सगळी नोकरी नदीपलीकडे गोंड गावांत झाली. तिथं गावाच्या बैठकीत म्हाताऱ्याचं बोलणं आधी ऐकून घेतात. वनहक्क कायदा आला, २००८ मध्ये त्याचे नियम निघाले, तेव्हा त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन हाही पुरावा धरला गेला. कुठं देव होते, कुठून बांबू आणायचो, कोणत्या ओढ्यापर्यंत आमची हद्द. ज्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही त्या माणसांच्या आठवणीवर गावांना जंगलाचा हक्क मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू विकण्याचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. नंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलाव स्वतः केले. हक्क सामूहिक आहे, म्हणजे तो पान तोडणाऱ्याइतकाच ज्याला आता पान तोडवत नाही त्याचाही आहे. मग त्या उत्पन्नातला थोडा वाटा गावातल्या म्हाताऱ्यांच्या नावानं आधी बाजूला काढायला काय हरकत आहे? सरवा तरी दुसरं काय होतं? पीक कोणाचंही असो, त्यातलं थोडं म्हाताऱ्याचं.

आणि जंगल नसलेल्या गावांसाठी सरकारनं तेच करावं. साठी ओलांडलेल्या आणि दुसरी पेन्शन नसलेल्या प्रत्येकाला, २१ हजारांचा दाखला न मागता, महागाईबरोबर वाढणारी रक्कम द्यावी. माझी वाढते, तर दादाची का नाही? दोघांनीही देशालाच खाऊ-शिकवू घातलं.

मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना माझ्यासारखी पेन्शन नाही, त्यासाठी तो संप. गावात पारावर चर्चा चालली होती. दादानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुनी पेन्शन, नवी पेन्शन. आमच्यासाठी कोनती काढली जी?" सगळे हसले.

त्या दिवशी पारावर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. एम.ए., बी.एड., चव्वेचाळिशीला आलेला. पंधरा वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, उन्हाळ्यात तासिका नसतात म्हणून पैसेही नसतात. तो हसला नाही. उठताना मला म्हणाला, "गुर्जी, तुमच्या हातून शिकलो खरा, पन म्हातारपन माझं दादासारखं जाईन. फरक एवढाच, दादाजवड दोन एकर आहेत."